एका खासदाराची वीस वर्षं आणि माझी साडेपाच

नोकरी आणि घर सांभाळून पीएचडी करताना मी सगळ्यात जास्त शोधलं ते असं कुणाचं तरी लिहिलेलं, ज्यात कागदपत्रांसकट सगळं सांगितलं असेल. फारसं मिळालं नाही. म्हणून माझं संपल्यावर हे लिहिते आहे. विशेषतः ज्यांना एखाद्या आमदार-खासदाराच्या कामावर संशोधन करायचं आहे, त्यांच्यासाठी.

माझा विषय होता राजापूर लोकसभा मतदारसंघ आणि प्रा. मधु दंडवते यांचं संसदीय कार्य, १९७१ ते १९९१. मी कुडाळ तालुक्यातली. आता आमचा मतदारसंघ रत्नागिरी-सिंधुदुर्ग म्हणून ओळखला जातो, राजापूर हे नाव २००८च्या पुनर्रचनेत गेलं. पण घरात बाबांच्या तोंडी अजून राजापूरच. १९५७ पासून तीनदा बॅ. नाथ पै निवडून आले, जानेवारी १९७१ मध्ये ते गेले, आणि त्याच वर्षी मुंबईच्या सिद्धार्थ कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवणारे दंडवते आमचे खासदार झाले. ती धरून ते सलग पाच निवडणुका जिंकले. १९८४ मध्ये महाराष्ट्रातल्या ४८ पैकी ४३ जागा काँग्रेसने जिंकल्या, वाजपेयी आणि चंद्रशेखर यांच्यासारखे पडले, तेव्हाही राजापूरने त्यांनाच पाठवलं. हे का झालं, एवढाच माझा सुरुवातीचा प्रश्न होता.

जून २०१८ मध्ये मार्गदर्शक शोधायला लागले. सेट (प्राध्यापक होण्यासाठीची राज्याची पात्रता परीक्षा) झालेली असल्याने पीएचडीच्या प्रवेश परीक्षेतून सूट होती, पण मार्गदर्शकाकडे जागा रिकामी असावी लागते. नियमाप्रमाणे प्राध्यापकाला एका वेळी आठ, सहयोगी प्राध्यापकाला सहा आणि सहायक प्राध्यापकाला चारच विद्यार्थी घेता येतात. विद्यापीठाच्या यादीतल्या अकरा जणांना मी पत्रं आणि ईमेल पाठवले. चौघांचं उत्तर आलं, तिघांकडे जागा नव्हती. चौथ्या मॅडमनी भेटायला बोलावलं आणि दोन तास बसवून घेतलं. त्या म्हणाल्या, ‘विषय चांगला आहे, पण तू भक्त म्हणून लिहिणार असशील तर मला नको.’ त्या वाक्याचा अर्थ कळायला मला तीन वर्षं लागली.

टिप म्हणून सांगते. यादी वर्षभर जुनी असू शकते. मार्गदर्शकाला भेटायला जाण्याआधी विद्यापीठाच्या पीएचडी विभागात फोन करून त्यांच्याकडे जागा खरोखर शिल्लक आहे का, हे विचारून घ्या. माझे चार महिने यात वाचले असते.

१४ फेब्रुवारी २०१९ ला संशोधन मान्यता समितीपुढे सादरीकरण झालं. दहा मिनिटं दिली होती. एका सदस्यांनी पहिल्याच स्लाइडला थांबवलं आणि विचारलं, व्यक्तीवरचं संशोधन म्हणजे चरित्रच ना? दुसऱ्यांना माझी पद्धत जाणून घ्यायची होती. मी आदल्या रात्री बरंच पाठ केलं होतं, ते सगळं विसरले आणि तोंडाला येईल ते उत्तर दिलं: मी त्यांनी लोकसभेत विचारलेले सगळे प्रश्न मोजीन, विषयवार वर्गवारी करीन. समितीला ते आवडलं. आकडे असले की संशोधन वाटतं. आराखडा दुरुस्त करून पंधरा दिवसांत द्यायला सांगितलं. नोंदणीचं पत्र एप्रिलमध्ये हातात पडलं. नोंदणी शुल्क आणि पहिल्या वर्षाची फी मिळून तेव्हा सव्वीस हजारांच्या आसपास गेले. मे महिन्याची सुट्टी कोर्सवर्कमध्ये गेली.

मग मोजायला बसले.

ज्यांना माहीत नाही त्यांना सांगते, लोकसभेच्या चर्चा घरबसल्या वाचता येतात. संसदेच्या डिजिटल ग्रंथालयात पहिल्या लोकसभेपासूनचे खंड स्कॅन करून ठेवले आहेत आणि ते फुकट आहेत. मी दिल्लीला गेलेच नाही, गरजही पडली नाही. पण ते वाचायची सवय लागायला वेळ लागतो. एकेका दिवसाची फाइल शेकडो पानांची असते. छपाई जुनी, स्कॅन कुठे तिरका, कुठे पुसट, त्यामुळे शोधखिडकीत नाव टाकलं तरी निम्म्या जागा निसटतात. आडनावाचं स्पेलिंग स्कॅनमध्ये तीन-चार प्रकारे वाचलं जातं, मी सगळे प्रकार टाकून शोधायचे. सातव्या लोकसभेत तर आणखी अडचण. १९८० ते ८४ या काळात प्रमिला दंडवतेही मुंबई उत्तर-मध्य मतदारसंघातून निवडून आल्या होत्या. पती-पत्नी एकाच सभागृहात, आणि नुसतं आडनाव शोधलं की दोघांची भाषणं एकत्र येतात. मी पहिल्या फेरीत प्रमिलाताईंची कितीतरी भाषणं मधुरावांच्या नावावर टाकली होती. ती चूक सुधारायला एक अख्खी दिवाळीची सुट्टी गेली.

आणखी दोन गोष्टी. जुन्या खंडांत पानांना नव्हे, स्तंभांना क्रमांक असतात. एका पानावर दोन स्तंभ, म्हणजे दोन क्रमांक. संदर्भ देताना स्तंभ क्रमांकच द्यायचा. मी पहिली दीडशे टिपणं पीडीएफच्या पान क्रमांकाने केली होती, ती सगळी पुन्हा करावी लागली. दुसरं, पानाच्या माथ्यावर इंग्रजी तारखेबरोबर शक संवताची भारतीय राष्ट्रीय दिनांकाची ओळही असते, चैत्र अमुक, १८९३ अशी. स्कॅनमध्ये इंग्रजी तारीख कापली गेली असेल तर ही ओळ कामाला येते. मात्र तो आपल्या घरच्या पंचांगाचा चैत्र नव्हे. राष्ट्रीय पंचांगात वर्ष २२ मार्चला सुरू होतं, लीप वर्षी २१ ला. मी एक तक्ता करून भिंतीला लावला होता.

मार्च २०२० मध्ये सगळं बंद झालं. कॉलेज ऑनलाइन, मुलगा घरी, गावात नेटवर्क एका खिडकीपाशीच. मी पहाटे चारला उठून फाइल्स उतरवून घ्यायचे आणि दिवसभर त्या वाचायचे. बाबा तेव्हा मुंबईहून गावी येऊन राहिले होते. गिरणीत आयुष्य गेलेलं. मी काय वाचते ते विचारायचे. एकदा मी सांगितलं की दंडवते रेल्वेमंत्री असतानाचं वाचते आहे, तर म्हणाले, ‘तां बाकाचा लिवलंस काय?’

बाकाचं म्हणजे दुसऱ्या वर्गाच्या लाकडी बाकांचं. कोकणात रेल्वे नव्हती तेव्हा बाबा गावी यायचे ते रात्रीच्या गाडीने कोल्हापूरपर्यंत आणि पुढे एसटीने घाट उतरून. रात्रभर लाकडावर झोपायचं. जनता सरकारात १९७७ ते ७९ दंडवते रेल्वेमंत्री होते आणि दुसऱ्या वर्गाच्या त्या फळ्यांवर दोन इंच फोम आला तो त्यांच्या निर्णयाने. पहिल्या वर्गाला गादी आणि दुसऱ्याला फळी, हे त्यांना मान्य नव्हतं. २६ डिसेंबर १९७७ ला मुंबई-हावडा गीतांजली एक्सप्रेस सुरू झाली ती वर्गभेद नसलेली गाडी म्हणून. १९७४च्या संपात बडतर्फ झालेले रेल्वे कामगार परत कामावर घेतले गेले तेही याच काळात. बाबांना यातलं बाकाचं तेवढं आठवत होतं, आणि ते पाठीने आठवत होतं.

तर मोजणी. दीड वर्षात मी तक्ता बऱ्यापैकी भरला आणि तो घेऊन मॅडमकडे गेले. ऑनलाइन भेट होती, सप्टेंबर २०२०. माझा आलेख असा दिसत होता: १९७१ पासून प्रश्न चढत जातात, १९७५च्या मध्यावर एकदम शून्य. मग १९७७ पासून पुन्हा शून्य. १९८० पासून पुन्हा भरगच्च, आणि १९८९च्या शेवटाला परत शून्य. मॅडमनी विचारलं, ‘म्हणजे या शून्यांत ते काय करत होते?’

पहिल्या शून्यात ते तुरुंगात होते. जून १९७५ मध्ये पक्षांतरबंदी विधेयकाच्या संयुक्त समितीच्या बैठकीसाठी वाजपेयी, अडवाणी, श्यामनंदन मिश्र यांच्यासारखे खासदार बंगळूरला होते, दंडवतेही होते, आणि आणीबाणी लागताच तिथेच त्यांना अटक झाली. सुमारे दीड वर्ष ते बंगळूरच्या तुरुंगात होते, प्रमिलाताई येरवड्यात. आणि बाहेर असलेल्या खासदारांनाही, जुलै १९७५ मध्ये जे अधिवेशन भरलं त्यात प्रश्न विचारता येत नव्हते, प्रश्नोत्तराचा तासच स्थगित केला होता. दुसऱ्या आणि शेवटच्या शून्यात ते मंत्री होते. मंत्री प्रश्न विचारत नाही, उत्तरं देतो. म्हणजे माझ्या आलेखात त्यांच्या कारकिर्दीतले सगळ्यात महत्त्वाचे तीन काळ कोरे दिसत होते.

शिवाय मला तोवर कळलं नव्हतं की तारांकित प्रश्न, म्हणजे मंत्र्याने तोंडी उत्तर द्यायचा प्रश्न, सभागृहात येतो की नाही हे सोडतीवर ठरतं. दिवसाला वीसच तारांकित प्रश्न यादीत येतात, तोंडी उत्तर त्यातल्या थोड्यांनाच मिळतं, बाकीच्यांची उत्तरं पटलावर ठेवली जातात. कुणी किती प्रश्न विचारले यावर खासदाराचं प्रगतिपुस्तक करणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं, असं मला मनापासून वाटतं. आजही निवडणुकीच्या तोंडावर असे तक्ते फिरतात आणि आपण ते पुढे पाठवतो.

त्या रात्री मला झोप लागली नाही. दीड वर्षाचं काम फुकट गेलं असं वाटलं. फुकट गेलं नाही, पण पद्धत बदलावी लागली. उद्दिष्टं बदलायची तर संशोधन सल्लागार समितीची लेखी मान्यता लागते. अर्ज, मार्गदर्शकाचं पत्र, जुना आणि नवा आराखडा शेजारी शेजारी, आणि बदलाची कारणं. पाच महिने गेले, कारण समितीची बैठक लांबत गेली. फेब्रुवारी २०२१ मध्ये मान्यता मिळाली. नवीन पद्धत अशी की मोजण्याऐवजी एकेका मागणीचा माग काढायचा. एखादी गोष्ट पहिल्यांदा कुठे उच्चारली, मग प्रश्नात आली का, कपात सूचनेत (खात्याच्या खर्चाची मागणी कमी करा, असं सुचवण्यात) आली का, नियम ३७७ खाली (एरवी कुठल्या नियमात न बसणारा विषय मांडायची सोय) मांडली का, अर्थसंकल्पावरच्या भाषणात आली का, आणि शेवटी तिचं काय झालं.

कोकण रेल्वे ही त्यातली सगळ्यात लांब दोरी. नाथ पैंच्या आधीपासूनची मागणी. आपट्यापर्यंत रूळ, मग रोह्यापर्यंत, आणि पुढे डोंगर. दंडवते स्वतः रेल्वेमंत्री झाले तरी पूर्ण मार्ग मंजूर झाला नाही. हे मी आधी लिहायला कचरत होते. मॅडमनी दोनदा प्रकरण परत पाठवलं. भक्त म्हणून लिहू नकोस या वाक्याचा अर्थ तेव्हा उमगला. १९८९ मध्ये व्ही. पी. सिंग सरकारात दंडवते अर्थमंत्री आणि जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री असा योग आला आणि गाडी हलली. १९ मार्च १९९० ला दंडवत्यांनी अर्थसंकल्प मांडला, सुवर्ण नियंत्रण कायदा त्याच वर्षी गेला. १९ जुलै १९९० ला कोकण रेल्वे महामंडळ स्थापन झालं आणि सप्टेंबरमध्ये रोह्याला पायाभरणी. नोव्हेंबरमध्ये सरकार पडलं. मे-जून १९९१ च्या निवडणुकीत दंडवते राजापुरातून हरले. ज्या वर्षी डोंगरात बोगदे खणायला सुरुवात होत होती, त्याच सुमारास. संपूर्ण मार्गावर गाडी धावली ती २६ जानेवारी १९९८ ला.

हे प्रकरण लिहायला मला आठ महिने लागले. लोक इतक्या सहज विसरतात का, असा राग यायचा, आणि प्रबंधात राग लिहिता येत नाही. पराभवाची कारणं मी मिळतील तेवढ्या पुराव्यानिशी दिली: मतदारसंघातलं बदललेलं राजकारण, शिवसेनेचा कोकणात वाढलेला जोर, आणि दिल्लीत गुंतलेला खासदार. पुराव्यापलीकडे गेले नाही.

त्या काळातली वर्तमानपत्रं बघायला चार वेळा मुंबईला गेले. तुतारी एक्सप्रेसने रात्री निघायचं, सकाळी दादरला उतरायचं, दिवसभर बांधीव खंड चाळायचे, परत रात्रीची गाडी. ग्रंथालयात जाताना कॉलेजचं ओळखपत्र, मार्गदर्शकाचं शिफारसपत्र आणि आधारची प्रत, तिन्ही दोन-दोन प्रतींत न्या. पहिल्या खेपेला माझ्याकडे पत्र नव्हतं आणि आल्या पावली परतावं लागलं. जुने खंड झेरॉक्सला देत नाहीत, मोबाइलने फोटो काढायला परवानगी मागावी लागते. फोटो काढताना आधी पानाच्या माथ्याचा, तारखेचा फोटो, मग बातमीचा. नाहीतर घरी आल्यावर कुठली बातमी कुठल्या दिवसाची कळत नाही.

प्रबंध सादर करण्याआधी माझ्या वेळच्या नियमाप्रमाणे एक शोधलेख प्रसिद्ध करणं आणि दोन चर्चासत्रांत मांडणी करणं सक्तीचं होतं. आता २०२२ च्या नियमावलीत ती सक्ती राहिलेली नाही, तरी आपल्या विद्यापीठाचं परिपत्रक बघा. पंधरा दिवसांत लेख छापून देतो, चार हजार भरा, असे संदेश येत राहतात. मी थकून एकदा पैसे भरायच्या बेतात होते. मॅडमनी यूजीसीची (विद्यापीठ अनुदान आयोगाची) मान्य नियतकालिकांची यादी उघडून दाखवली, त्यात ते नियतकालिक नव्हतं. माझा लेख रीतसर परीक्षणातून छापून यायला अकरा महिने लागले.

सगळ्यात मोठा अनपेक्षित फटका बसला टंकलेखनात. मी मराठीत लिहिलं. टंकलेखकाने सगळा मजकूर श्रीलिपीत, म्हणजे युनिकोड नसलेल्या जुन्या फॉन्टमध्ये केला होता, दिसायला सुंदर. पण वाङ्मयचौर्य तपासणीच्या सॉफ्टवेअरला युनिकोड, म्हणजे कुठल्याही संगणकावर सारखंच वाचलं जाणारं टंकन लागतं. रूपांतर केल्यावर जोडाक्षरं फुटली, रफार भलतीकडे गेले. तीनशे चाळीस पानं मी आणि माझ्या मैत्रिणीने एकेक करून तपासली. टंकलेखनाचे आठ हजार सातशे दिले होते, दुरुस्तीला आणखी साडेतीन हजार. पहिल्या दिवसापासून युनिकोडमध्येच लिहा, हे मी प्रत्येकाला सांगते.

तपासणीचा पहिला अहवाल २७ टक्के साम्य दाखवणारा आला. मर्यादा १० टक्के. पाहून हातपाय गळाले. नंतर कळलं की परिशिष्टात जोडलेले संसदीय चर्चेतले इंग्रजी उतारे मोजले गेले होते. अवतरणं आणि संदर्भसूची वगळून पुन्हा तपासणीचा अर्ज करता येतो. दुसरा अहवाल सहा टक्क्यांचा आला.

मे २०२३ मध्ये सादरीकरणपूर्व व्याख्यान, ११ ऑक्टोबर २०२३ ला प्रबंध जमा. सहा प्रती, छपाई आणि बांधणी मिळून चौदा हजार. जमा करताना ग्रंथालयाचं, फी विभागाचं आणि कॉलेजचं अशी तीन ना-हरकत पत्रं लागली. मधल्या दोन वर्षांच्या फीच्या पावत्या मी जपून ठेवल्या नसत्या तर तेव्हा अडकले असते.

माझी फार इच्छा होती की २१ जानेवारी २०२४ पर्यंत तोंडी परीक्षा व्हावी. ती दंडवत्यांची जन्मशताब्दी. झाली नाही. दोन बाह्य परीक्षकांपैकी एकांचा अहवाल यायला आठ महिने लागले. या काळात विचारपूस करायला लाज वाटते, पण करावी. महिन्यातून एकदा, नम्रपणे, ईमेलने, जमा क्रमांक लिहून. त्या २१ जानेवारीला रविवार होता. मी घरी बसून बाबांना बाकांवरची पानं वाचून दाखवली. ते ऐकता ऐकता मध्येच म्हणाले, की फोम आला तेव्हा सुरुवातीला लोक त्यावर बसायला बिचकायचे, आपण चुकून वरच्या वर्गात शिरलो असं वाटायचं. ही आठवण पाच वर्षांत त्यांनी कधी सांगितली नव्हती. प्रबंध जमा झाला होता, त्यात ती घालता आली नाही.

१९ जुलै २०२४ ला तोंडी परीक्षा झाली. पन्नास मिनिटं. परीक्षकांनी पहिल्यांदा विचारलं ते शून्यांविषयीच: तुम्ही मूळ आराखड्यातली मोजणी का सोडली? मी जुना आलेख बरोबर नेला होता, तो दाखवला आणि घडलं तसं सांगितलं. त्यांनी तो आलेख परिशिष्टात टाकायला सांगितला, चुकीचा म्हणूनच, पुढच्यांना दिसावा म्हणून. ९ ऑगस्टला अधिसूचना निघाली.

दंडवते १२ नोव्हेंबर २००५ ला मुंबईत गेले, आणि त्यांच्या इच्छेप्रमाणे देह जे.जे. रुग्णालयाला दिला गेला. माझ्या प्रबंधाचं शेवटचं वाक्य तेच आहे.

एक प्रत मी गावच्या वाचनालयात दिली. ग्रंथपालांनी दाखल क्रमांक घातला आणि चरित्रांच्या कपाटात लावायला घेतली. मी त्यांना विनंती करून ती राज्यशास्त्राच्या कपाटात ठेवायला लावली. बाबांची फोमची आठवण एका कागदावर लिहून, तारीख घालून, मी त्या प्रतीत बाकांच्या पानाशी चिकटवली आहे.